हजार टोल्यांची तालीम : जपानी शाळकरी बेसबॉलची दीडशे वर्षे

जपानमध्ये बेसबॉल शिरला तो शाळेच्या दारातून. १८७२ साली तोक्योतल्या एका सरकारी शाळेत होरेस विल्सन नावाचा अमेरिकन शिक्षक होता. हीच शाळा पुढे कैसेई गाक्को म्हणून ओळखली गेली आणि तिच्यातूनच तोक्यो विद्यापीठ उभे राहिले. विल्सन मेन राज्यातल्या गोरहॅमचा, अमेरिकन यादवी युद्धात लढून आलेला. दिवसभर पुस्तकात डोके खुपसून बसणाऱ्या पोरांचे अंग जरा मोकळे व्हावे म्हणून त्याने त्यांच्या हाती बॅट आणि चेंडू दिला. सहा वर्षांनी, १८७८ मध्ये, अमेरिकेत शिकून आलेला रेल्वे अभियंता हिराओका हिरोशी याने शिम्बाशी येथे रेल्वेतल्या लोकांना घेऊन देशातला पहिला संघ बांधला. पण खेळाचे खरे घर शाळा-महाविद्यालयेच राहिली. हायकूचा थोर कवी मासाओका शिकी विद्यार्थिदशेत या खेळाने झपाटला होता. १८९६ मध्ये आजारपणाने अंथरूण धरलेले असतानाही त्याने ‘निप्पोन’ या वृत्तपत्रात या खेळाचे नियम समजावून सांगितले.

शाळेतून आल्यामुळे या खेळाची घडण पहिल्यापासून वेगळी झाली. अमेरिकेत मुलगा बेसबॉल शिके तो रिकाम्या प्लॉटवर, मोठ्यांचे पाहून. चेंडू कसा धरावा, कसा फेकावा हे त्याला कोणी मुद्दाम शिकवत नसे. जपानी मुलाने हा खेळ कधी पाहिलेलाच नव्हता. त्याच्या बापाने चेंडू खांद्यावरून फेकला नव्हता की काकाने बॅट धरली नव्हती. त्यामुळे फेकणे, झेलणे, मारणे आणि धावणे या चारही गोष्टी तुकडे पाडून, क्रम लावून, घोटून घ्याव्या लागल्या. शिकवणारे होते शिक्षक आणि वरच्या वर्गातली मुले. त्यांना शिकवण्याची एकच रीत माहीत होती : सुलेखनाची, केंदोची, ज्यूदोची. आधी ठरावीक मुद्रा, मग तिची असंख्य आवर्तने. बेसबॉलचे प्राथमिक शिक्षण याच साच्यात ओतले गेले.

या साच्याला धार आणली ती तोक्योच्या पहिल्या उच्च विद्यालयाने, म्हणजे ‘इचिको’ने. देशाचे भावी मंत्री, न्यायाधीश आणि प्राध्यापक तयार करणारी ही वसतिशाळा. मे १८९० मध्ये तिच्या मैदानावर मेइजी गाकुइन या मिशनरी संस्थेच्या संघाशी सामना चालू होता आणि इचिकोचा संघ हरत होता. तेवढ्यात पाहुण्या संघाच्या बाजूचा विल्यम इम्ब्री नावाचा अमेरिकन शिक्षक कुंपण ओलांडून आत आला. फाटक सोडून कुंपणावरून येणे हा शाळेचा अपमान मानून इचिकोच्या मुलांनी त्याला मारहाण केली. प्रकरण मिटले, पण हरल्याची नामुष्की खेळाडूंच्या मनातून गेली नाही. तेव्हापासून इचिकोचा सराव बारमाही झाला. उन्हाळी सुट्टी नाही, हिवाळ्यातल्या बर्फाची सबब नाही. हातमोजे तेव्हा फारच थोड्यांकडे असत, बाकीचे उघड्या तळव्यांनी चेंडू घेत. चेंडू लागला तर ‘दुखतंय’ असे म्हणायला बंदी होती. फारच असह्य झाले तर ‘खाजतंय’ म्हणण्याची सूट होती.

या सरावाचे फळ २३ मे १८९६ रोजी मिळाले. योकोहामाच्या परदेशी वस्तीतला अमेरिकनांचा क्लब जपानी मुलांशी खेळायला वर्षानुवर्षे नाखूष होता. तो अखेर तयार झाला आणि इचिकोने त्याला २९ विरुद्ध ४ अशी धूळ चारली. परकीयांशी असमान तहांत अडकलेल्या देशात ही बातमी खेळाच्या पानापुरती राहणे शक्यच नव्हते. घोटून घेतलेल्या सरावाने अमेरिकनांना त्यांच्याच खेळात हरवता येते, असा निष्कर्ष लोकांनी काढला. हा निष्कर्ष अर्धाच खरा होता. योकोहामाचा क्लब म्हणजे व्यापारी आणि कारकून यांची फावल्या वेळची टोळी होती, अमेरिकेतला कसलेला संघ नव्हे. पण अर्धे सत्य पूर्ण सत्यापेक्षा लवकर पसरते. इचिकोच्या खेळाडूंच्या दंतकथा झाल्या. मोरियामा त्सुनेतारो हा डावखुरा पिचर रोज विटांच्या भिंतीवर इतके चेंडू मारी की भिंतीला भोक पडले, अशी एक आख्यायिका. वक्र चेंडूच्या सरावाने वाकलेला हात सरळ व्हावा म्हणून तो चेरीच्या झाडाला लोंबकळत असे, ही दुसरी. दुसऱ्या गोष्टीत खरे तर दुखापतीची कबुली आहे, पण पुढच्या पिढ्यांनी ती निष्ठेची कथा म्हणून ऐकली.

तंत्राचे शिक्षण आले ते वासेदा विद्यापीठाकडून. ख्रिस्ती समाजवादी विचारांचे प्राध्यापक आबे इसो या संघाचे पालक होते. १९०५ च्या वसंतात, रशियाशी युद्ध चालू असताना, ते आपला संघ घेऊन अमेरिकेला गेले. २६ सामने झाले. त्यांतले ७ जिंकले, १९ गमावले. पण मुले डोळे उघडे ठेवून खेळली. सामन्याआधी अंग कसे तापवावे, खिळ्यांचे बूट का हवेत, पिचरने फेकीआधी हात आणि धड कसे फिरवावे, बॅट आडवी धरून चेंडू नुसता मऊ टेकवायचा ‘बंट’ कसा आणि केव्हा वापरायचा, हे सगळे त्यांनी टिपून घेतले. कर्णधार हाशिदो याने परतल्यावर त्याच वर्षी नव्या तंत्रावर पुस्तक लिहिले. वासेदाची मुले गावोगावच्या माध्यमिक शाळांत शिकवायला जाऊ लागली. जपानी शाळकरी बेसबॉलमध्ये आज जी सफाईदार शैली दिसते तिचे मूळ इचिकोच्या करारीपणात जेवढे आहे, तेवढेच या टिपणांत आहे. पण दंतकथा भिंतीला भोक पाडणाऱ्याच्या झाल्या, वही भरणाऱ्याच्या नाहीत.

लोकप्रियता वाढली तशी तक्रारही वाढली. १९०६ मध्ये वासेदा आणि केइओ या विद्यापीठांतला सामना समर्थकांच्या हुल्लडीच्या भीतीने बंद करावा लागला, तो १९२५ पर्यंत पुन्हा झाला नाही. १९११ मध्ये ‘आसाही’ वृत्तपत्राने बेसबॉलच्या दुष्परिणामांवर लेखमालाच चालवली. इचिकोचे मुख्याध्यापक नितोबे इनाझो यांनी तर प्रतिस्पर्ध्याला चकवून बेस चोरायला शिकवणारा हा खिसेकापूंचा खेळ असल्याचे मत दिले. आणि चारच वर्षांनी, ऑगस्ट १९१५ मध्ये, त्याच वृत्तपत्राच्या ओसाका आवृत्तीने माध्यमिक शाळांची राष्ट्रीय स्पर्धा भरवली! वृत्तपत्राच्या खपाचे गणित त्यामागे होते हे उघड आहे. तरी आधीची टीका पुसून टाकायची तर हा खेळ मुलांना वळण लावतो हे दाखवणे भाग होते. म्हणून पहिल्याच स्पर्धेपासून सामन्याच्या आधी आणि नंतर दोन्ही संघांनी समोरासमोर रांगेत उभे राहून एकमेकांना वाकून नमस्कार करण्याची पद्धत पडली. ती आज जपानमधल्या लहानात लहान मुलांच्या सामन्यातही पाळली जाते. ७३ शाळांमधून १० संघ तोयोनाकाच्या मैदानावर पोचले आणि अंतिम सामन्यात क्योतोच्या दुसऱ्या माध्यमिक शाळेने आकिताच्या संघाला तेराव्या डावात २–१ असे हरवले. १९२४ मध्ये ओसाका आणि कोबे यांच्या मधोमध कोशिएनचे भव्य मैदान बांधून झाले आणि स्पर्धा तिथे गेली. त्याच वर्षापासून वसंतातली दुसरी स्पर्धाही सुरू झाली.

कोशिएनमुळे गावातल्या शाळेतल्या सरावालाही एक ध्येय मिळाले. उन्हाळी स्पर्धा पूर्ण बाद पद्धतीची : एक सामना हरला की वर्षाची मेहनत संपली. अशा स्पर्धेत चूक करणारा हरतो. त्यामुळे प्रशिक्षकांचा भर लांब फटक्यांपेक्षा न चुकणाऱ्या हातांवर गेला. जमिनीवरून येणारा चेंडू न सुटणे, फेक अचूक छातीवर जाणे, सांगितले की बंट टाकता येणे, यांना महत्त्व आले. जपानी मुलांच्या मूलभूत कौशल्यांचा जगभर जो बोलबाला आहे त्याचा उगम राष्ट्रीय स्वभावात शोधण्यापेक्षा स्पर्धेच्या या रचनेत शोधणे जास्त पटणारे आहे.

याच सुमारास क्योतोमध्ये एका साध्या वस्तूने लहान मुलांसाठी दार उघडले. कातड्याचा, आत दोरा गुंडाळलेला खरा चेंडू महाग होता आणि दहा वर्षांच्या मुलाच्या हाताला तो दगडासारखा लागे. क्योतोच्या काही शिक्षकांनी आणि खेळाच्या चाहत्यांनी मुलांना झेपेल असा चेंडू शोधायचे ठरवले. त्यात पुढाकार घेतला सुझुका साकाए या व्यापाऱ्याने. गुळगुळीत रबरी चेंडू बोटांतून निसटत होता. सायकलच्या रबरी भागावरच्या खाचा पाहून चेंडूवर खळगे पाडण्याची कल्पना सुचली, असे सांगतात. १९१८ च्या सुमारास आत पोकळ, वर खळगे आणि शिवणीच्या रेषांचा आभास असलेला रबरी चेंडू तयार झाला आणि लगेच पुढच्या वर्षी क्योतोत प्राथमिक शाळांची स्पर्धाही झाली.

या चेंडूचा परिणाम फार खोलवर झाला. जपानमध्ये बहुतेक मुले आजही पंधराव्या वर्षापर्यंत, म्हणजे प्राथमिक आणि माध्यमिक शाळेत, रबरी चेंडूनेच खेळतात. त्यांना हाडे मोडण्याची भीती नसते, म्हणून चेंडूसमोरून तोंड फिरवण्याची सवय लागत नाही. जमिनीवर लागणारा प्रत्येक चेंडू शरीर पूर्ण समोर आणून घेण्याचा धडा इथे सहज गिरवता येतो. रबरी चेंडू उसळीही जास्त घेई. तो डोक्यावरून निघून जायच्या आत पुढे धावून उसळीच्या टोकाला किंवा टप्पा पडताक्षणी पकडावा लागे, आणि त्यातून पायांना चेंडूच्या लयीशी जुळवून घ्यायची सवय होई. उलट बाजूही होती. जोरात मारला की पोकळ चेंडू बॅटवर चेपला जाई आणि उंच उडून मरून पडे. त्यामुळे मुले बॅट सपाट फिरवून हलकेच मारायला शिकत आणि उच्च माध्यमिक शाळेत कठीण चेंडू हाती आला की ही सवय मोडावी लागे. चेंडूचे रूप वेळोवेळी बदलत गेले. २०१८ मध्ये मोठ्या मुलांसाठी आलेला नवा रबरी चेंडू १३८ ग्रॅम वजनाचा आहे, त्याची उसळी मुद्दाम कमी केली आहे आणि तो कठीण चेंडूच्या बराच जवळ जातो. प्राथमिक शाळेतल्या मुलांचा चेंडू १२९ ग्रॅमचा. मैदानही त्यांच्या मापाचे असते. प्रौढांच्या मैदानावर दोन बेसमधले अंतर २७.४३ मीटर आणि पिचरपासून होम प्लेटचे अंतर १८.४४ मीटर असते. प्राथमिक शाळेच्या मुलांसाठी ही अंतरे २३ आणि १६ मीटर आहेत.

सरावाला तत्त्वज्ञानाची जोड दिली ती तोबिता सुइशू यांनी. १८८६ मध्ये इबाराकीत जन्मलेले तोबिता वासेदाचे दुसऱ्या बेसवरचे खेळाडू. १९१० मध्ये शिकागो विद्यापीठाचा संघ जपानला आला तेव्हा ते कर्णधार होते. वासेदाला त्या पाहुण्यांविरुद्ध एकही सामना जिंकता आला नाही. हार आपल्या माथी घेऊन तोबितांनी संघ सोडला. पुढे ते वासेदाचे पहिले पूर्णवेळ प्रशिक्षक झाले आणि १९२५ मध्ये शिकागोचा संघ पुन्हा आला तेव्हा वासेदा सरस ठरला. आपले काम झाले असे मानून त्यांनी पद सोडले आणि उरलेले आयुष्य ‘आसाही’त शाळकरी बेसबॉलवर लिहिण्यात घालवले. प्रत्येक चेंडूत सारा जीव ओतावा हे त्यांच्या नावाने ओळखले जाणारे सूत्र आजही देशभरच्या शाळांच्या फलकांवर आणि झेंड्यांवर दिसते. त्यांच्या सरावाला लोक ‘मरणाचा सराव’ म्हणत. खेळाडू अर्धमेले होऊन जमिनीवर पडेपर्यंत तो चाले आणि तोबितांना त्यात काही गैर वाटत नसे.

या सरावाचा गाभा म्हणजे ‘नॉक’. प्रशिक्षक होम प्लेटजवळ उभा राहतो. त्याच्या हातातली बॅट नेहमीच्या बॅटपेक्षा लांब, सडपातळ आणि हलकी असते. तो एका हाताने चेंडू वर उडवतो आणि दुसऱ्या क्षणी दोन्ही हातांनी बॅट फिरवून तो हव्या त्या जागी मारतो. समोरचा मुलगा गुडघे वाकवून, कंबर खाली ठेवून, हातमोजा जमिनीला टेकवून तयार असतो. मोजा वरून खाली आणला तर चेंडू त्याच्याखालून निसटतो, म्हणून तो नेहमी खालून वर न्यायचा. चेंडू दोन्ही डोळ्यांच्या मधोमध, शरीरापासून हातभर पुढे घ्यायचा आणि मोकळा हात लगेच त्यावर झाकायचा. मग दोन छोटी पावले, बोटे शिवणीवर आडवी आणि फेक थेट पहिल्या बेसवर. प्रौढ फलंदाज पहिल्या बेसवर साधारण साडेचार सेकंदांच्या आत पोचतो. ही सगळी साखळी त्याआधी पुरी व्हायला हवी. तिच्यात विचार करायला वेळ नसतो, म्हणून ती अंगात मुरवावी लागते. एवढ्यापुरता नॉकचा आग्रह योग्यच होता. अडचण संख्येची झाली. ‘हजार नॉक’ ही सुरुवातीला बोलण्यातली अतिशयोक्ती असेल, पण कित्येक प्रशिक्षकांनी ती शब्दशः घेतली. दोनशेव्या चेंडूनंतर थकलेला मुलगा चुकीची मुद्रा घोटत राहतो, हे साधे निरीक्षण फार उशिरा मान्य झाले.

नॉकशिवाय रोजच्या सरावात आणखी दोन गोष्टी असत आणि अजून असतात. एक म्हणजे ‘कॅच-बॉल’ : दोघांनी समोरासमोर उभे राहून चेंडू फेकायचा नि झेलायचा, अंतर हळूहळू वाढवत न्यायचे. वरवर तो अंग तापवण्याचा प्रकार वाटतो, पण नियम कडक असतो. प्रत्येक फेक समोरच्याच्या छातीवरच गेली पाहिजे. ती इकडेतिकडे गेली तर चूक फेकणाऱ्याची, धावत जाऊन आणणाऱ्याची नव्हे. दुसरी गोष्ट चेंडूविना बॅट फिरवण्याची. ती तलवारबाजीच्या सरावातून सरळ उचललेली आहे. संध्याकाळी घराच्या मागच्या अंगणात शेकडो वेळा बॅट फिरवणारा मुलगा हे जपानी गावातले ओळखीचे दृश्य.

१९३२ मध्ये शिक्षण मंत्रालयाने विद्यार्थ्यांच्या बेसबॉलवर फर्मान काढले. व्यावसायिक संघांशी सामने बंद झाले, स्पर्धांना आणि प्रवासाला मर्यादा आल्या. हे फर्मान १९४७ पर्यंत चालले. मधल्या काळात युद्धाने खेळ जवळजवळ बंद पाडला. १९४२ ची स्पर्धा सरकारनेच भरवली आणि तिच्यात खेळाडू बदलायला मनाई होती : सैनिक जागा सोडत नाही, हा त्यामागचा विचार. १९३९ च्या अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्याला एकही हिट न देणारा शिमा सेइइची १९४५ मध्ये युद्धात मारला गेला. स्पर्धा १९४६ मध्ये पुन्हा सुरू झाली.

युद्धानंतर खेळ पुन्हा अमेरिकेकडे पाहू लागला. अल कॅम्पॅनिस यांनी डॉजर्स संघाच्या पद्धतीवर १९५४ मध्ये पुस्तक लिहिले होते. योमिउरी जायंट्सचे प्रशिक्षक कावाकामी तेत्सुहारू यांनी ते अभ्यासले आणि १९६१ मध्ये आपला संघ फ्लोरिडात व्हेरो बीच येथे डॉजर्सच्या शिबिरातच नेला. बंटच्या वेळी कोणी कुठे धावायचे, बाहेरून आलेली फेक मध्ये कोणी घ्यायची, पिचरच्या पाठीशी कोण, या सामूहिक हालचाली तिथून आल्या. जायंट्सने १९६५ ते १९७३ अशी सलग नऊ विजेतेपदे मिळवल्यावर देशातला प्रत्येक शाळकरी प्रशिक्षक तेच शिकवू लागला. त्याबरोबर बॅट वरून खाली चेंडूवर मारण्याची शिकवणही पसरली. ती मुलांच्या मनात इतकी घट्ट बसली की पुढच्या तीन-चार दशकांत ती खोडून काढणे प्रशिक्षकांना जड गेले.

याच जायंट्समध्ये ओ सादाहारू होता. शाळेत असताना, १९५७ च्या वसंतात, त्याने बोटातून रक्त येत असताना पिचर म्हणून कोशिएन जिंकले होते. व्यावसायिक झाल्यावर मात्र फलंदाज म्हणून त्याची तीन वर्षे बेताची गेली. १९६२ मध्ये प्रशिक्षक आराकावा हिरोशी यांनी त्याला एक पाय उचलून मारायला लावले आणि खोलीत टांगलेली कागदाची पट्टी खऱ्या तलवारीने कापण्याचा सराव दिला. कागद हलका असतो. घाव किंचित तिरका बसला तर तो कापला न जाता नुसता फडफडतो. म्हणजे आराकावांचा धडा ताकदीचा नव्हताच, पात्याच्या धारेच्या रेषेचा होता. ओच्या नावावर ८६८ होमरन आहेत. त्याची गोष्ट ऐकून लाखो मुलांनी रात्री बॅटी फिरवल्या. आवर्तने त्यांनी उचलली, पण प्रत्येक आवर्तन तपासणारा आराकावा त्यांच्याजवळ नव्हता.

मुलांसाठी संस्थाही वाढल्या. १९३९ मध्ये अमेरिकेत विल्यम्सपोर्ट येथे कार्ल स्टॉट्झ यांनी सुरू केलेल्या लिटल लीगच्या जागतिक स्पर्धेत जपानी संघ १९६२ पासून उतरू लागले आणि १९६७ व १९६८ अशी लागोपाठ दोन वर्षे ती त्यांनी जिंकली. १९७० मध्ये त्सुरुओका काझुतो यांनी कठीण चेंडूची बॉइज लीग स्थापन केली. शहरांत नाणे टाकले की यंत्रातून चेंडू येणारी बॅटिंग सेंटरे निघाली. नागोयाजवळच्या अशाच एका सेंटरमध्ये इचिरो सुझुकी लहानपणी वडिलांबरोबर जवळजवळ रोज जाई.

या सगळ्याची किंमत मोजली ती पिचरच्या हाताने. खांद्यावरून चेंडू पुन्हा पुन्हा जोरात फेकणे शरीराला झेपत नाही. वाढीच्या वयात कोपराच्या आतल्या बाजूचे कूर्चा आणि अस्थिबंध अजून कच्चे असतात आणि प्रत्येक फेकीत त्यांना ताण बसतो. बाद पद्धतीच्या स्पर्धेत एकच उत्तम पिचर रोज उतरवण्याचा मोह प्रत्येक शाळेला होतो. १९५८ च्या उन्हाळ्यात तोकुशिमाच्या बान्दो एइजीने १८ डाव एकट्याने फेकले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सामना खेळला. १९६९ च्या अंतिम सामन्यात मिसावाच्या ओता कोजीने तेच केले : पहिल्या दिवशी २६२ चेंडू, निकाल नाही, दुसऱ्या दिवशी पराभव. १९९८ मध्ये योकोहामाच्या मात्सुझाका दाइसुकेने १७ डावांत २५० चेंडू टाकले आणि दोनच दिवसांनी अंतिम सामन्यात प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट दिला नाही. २००६ च्या स्पर्धेत साइतो युकीने एकूण ९४८ चेंडू टाकले. वृत्तपत्रांनी या आकड्यांवर गौरवाचे मथळे दिले. मात्सुझाकासारखा एखादा तरला. बाकीच्यांचे हात विशीतच थकले, पण थकलेल्यांवर मथळे येत नाहीत.

डॉक्टरांनी मात्र आवाज उठवला होता. तोकुशिमा विद्यापीठाचे अस्थिरोगतज्ज्ञ १९८१ पासून मैदानावर जाऊन प्राथमिक शाळेतल्या खेळाडूंची कोपरे तपासू लागले. १९९१ मध्ये ओकिनावाच्या एका पिचरने कोपराचे हाड दुखावलेले असतानाही संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. तो पुन्हा कधी पिचर म्हणून उभा राहू शकला नाही. त्यानंतर १९९३ पासून कोशिएनला येणाऱ्या पिचरांची वैद्यकीय तपासणी सुरू झाली. १९९५ मध्ये क्रीडावैद्यक संघटनेने आकडे दिले : प्राथमिक शाळेत दिवसाला ५० आणि आठवड्याला २०० चेंडू, माध्यमिकमध्ये ७० आणि ३५०, उच्च माध्यमिकमध्ये १०० आणि ५००. हे आकडे सरावातल्या पूर्ण ताकदीच्या फेकींसह होते. ते जवळजवळ पाव शतक कागदावरच राहिले. २०१८ मध्ये कोशिएनला तेराव्या डावापासून बरोबरी लवकर फोडणारा ‘टायब्रेक’चा नियम आला. त्याच वर्षी कानाआशीच्या कृषी शाळेच्या योशिदा कोसेइने एकाच स्पर्धेत ८८१ चेंडू टाकले आणि देशभर चर्चा पेटली. डिसेंबरात निइगाता जिल्ह्याच्या संघटनेने परस्पर १०० चेंडूंची मर्यादा जाहीर केली. राष्ट्रीय महासंघाने तिला ती स्थगित करायला लावले, पण समिती नेमणे टाळता आले नाही. २०२० पासून एका पिचरला आठवड्यात ५०० चेंडूंची मर्यादा लागू झाली. प्राथमिक शाळेच्या रबरी बेसबॉलमध्ये दिवसाला ७० चेंडूंची मर्यादा आली.

विचारांच्या पातळीवर हा गुंता सोडवण्याचा प्रयत्न केला तो एका माजी पिचरनेच. कुवाता मासुमीने पीएल गाकुएन शाळेकडून कोशिएनवर २० सामने जिंकले होते. निवृत्त झाल्यावर २००९ मध्ये तो वासेदात पदव्युत्तर शिक्षणासाठी गेला आणि तोबितांच्या विचारांवरच प्रबंध लिहिला. त्याचे म्हणणे असे : भरमसाट सराव, निरपवाद आज्ञापालन आणि मनाची कसोटी यांवर तोबितांनी भर दिला तो बऱ्याच अंशी परकीय खेळाकडे संशयाने पाहणाऱ्या सरकारपासून बेसबॉल वाचवण्यासाठी. ती गरज युद्धाबरोबर संपली, पण सराव तसाच राहिला. त्याने संख्येच्या जागी दर्जा, आज्ञेच्या जागी परस्पर आदर आणि कसोटीच्या जागी समतोल मांडला. शारीरिक शिक्षेमुळे खेळाडू घडतो हे त्याने साफ नाकारले. असे बोलणारा कोणी पराभूत नव्हता, याच परंपरेत घडलेला अत्यंत यशस्वी खेळाडू होता. त्यामुळे त्याला ऐकून घ्यावे लागले.

बदल आता डोळ्यांना दिसतो. २०१८ मध्ये तीन-चतुर्थांशांहून जास्त शाळांच्या संघांत मुंडण करण्याची रीत होती, २०२३ मध्ये ती साधारण एक-चतुर्थांशावर आली. त्याच उन्हाळ्यात केइओच्या शाळेने १०७ वर्षांनी कोशिएन जिंकले. या संघाचे केस मोकळे होते आणि प्रशिक्षक मोरिबायाशी ताकाहिको प्राथमिक शाळेत शिकवणारे. सरावात काय करायचे आणि का, हे ते मुलांना ठरवू देत. नॉक आणि कॅच-बॉल याही संघाने सोडले नव्हते.

दरम्यान खेळणारी मुले कमी होत आहेत. उच्च माध्यमिक शाळांतल्या कठीण चेंडूच्या नोंदणीकृत खेळाडूंची संख्या २०१४ मध्ये १ लाख ७० हजारांच्या वर होती. दहा वर्षांत ती १ लाख ३० हजारांच्या खाली आली. जन्मदर घटला हे एक कारण, पण खेळाडूंची गळती त्याहून वेगवान आहे. आज पुष्कळ मुलांनी शाळेत येईपर्यंत चेंडू खांद्यावरून फेकलेलाही नसतो. २००८ मध्ये सुधारलेल्या आणि २०११ पासून प्राथमिक शाळांत लागू झालेल्या अभ्यासक्रमात बेसबॉलसारख्या खेळांना शारीरिक शिक्षणाच्या तासात जागा मिळाली. अनेक शाळांत त्यासाठी टी-बॉल खेळतात : उंच दांड्यावर ठेवलेला मऊ चेंडू मुले प्लास्टिकच्या बॅटने मारतात आणि पिचर नावाची जागा त्या खेळात नाही.